संगणक-दुरुस्तीचा धंदा आणि ज्ञातीचे कर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आताच आपल्या हस्ते झाला. त्या मुलांचे कौतुक करावे तेवढे थोडेच आहे. परंतु ज्यांचे नाव या यादीत कधीच येत नाही, ज्यांना पन्नास-पंचावन्न टक्के गुण मिळतात, आणि जे पुढे चारचार वर्षे नोकरीच्या जाहिराती चाळीत घरी बसतात, अशी मुलेही आपल्याच घरांत आहेत व त्यांची संख्या सत्कारार्थींपेक्षा पुष्कळच मोठी आहे. त्या मुलांना उपयोगी पडेल असे काही बोलावे, अशी आज्ञा चिटणीसांनी आम्हांस केली. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले, प्राथमिक शाळेत छत्तीस वर्षे फळ्यापुढे उभे राहून निवृत्त झालेले साधे शिक्षक. संगणकाविषयी बोलण्याचा आमचा अधिकार एवढाच की, नोकरीच्या अखेरच्या काळात, २०१५ नंतर, विद्यार्थ्यांची माहिती ‘सरल’ प्रणालीत भरण्याचे काम शाळांवर आले, आणि यंत्र बंद पडले की सारी शाळा कशी हवालदिल होते ते आम्ही डोळ्यांनी पाहिले. पुढे आमच्या हाताखालून गेलेल्या एका विद्यार्थ्याने तालुक्याच्या गावी संगणक-दुरुस्तीचे लहानसे दुकान काढले. निवृत्तीनंतरच्या कित्येक दुपारी आम्ही त्या दुकानातील स्टुलावर काढल्या आहेत. जे पाहिले व जे समजून घेतले, ते आपणापुढे ठेवतो.

आपण तांब्यापितळेची माणसे. भांडे घडविणे, त्यावर मठारकाम करणे, फुटलेल्यास झाळ देणे, आणि कित्येक घरांत कल्हई करणे, हे आपल्या वाडवडिलांचे काम. कल्हई करताना भांडे तापवून त्यावर नवसागर टाकीत, तो धातूवरील मळ व गंज खाऊन टाकी, आणि मग २३२ अंशांवर वितळणारे कथील कापसाच्या बोळ्याने सरसर पसरे. आता संगणकाच्या हिरव्या पट्टीवरील सुटलेला जोड कारागीर कसा बसवितो ते पाहा. तोही आधी राळेचा लेप देऊन धातू स्वच्छ करतो आणि मग झाळ लावतो. त्या झाळेत शेकडा ६३ भाग कथील व ३७ भाग शिसे असेल, तर ती १८३ अंशांवर वितळते. शिसे टाळून केलेल्या नव्या झाळेस २१७ अंशांहून अधिक उष्णता लागते. कथील तेच, आणि मळलेल्या धातूस कथील धरीत नाही, हा नियमही तोच. तेव्हा हा धंदा परका आहे, यंत्रविद्या शिकलेल्या थोरामोठ्यांचाच आहे, असे मानून आपल्या मुलांनी बिचकण्याचे कारण नाही.

मात्र पूर्वजांच्या धंद्यापासून दुसराही एक धडा घ्यावयाचा आहे. कल्हईचे काम कमी झाले, ते हातांतील कसब गेले म्हणून नव्हे. घराघरांतील भांडे बदलले, स्टेनलेस स्टील आले, त्यास कल्हई लागत नाही, म्हणून ते कमी झाले. ज्यांनी आपले कसब केवळ एका भांड्याशी बांधून ठेवले ते मागे पडले. ज्यांनी ते दुसऱ्या वस्तूकडे वळविले ते तरले. संगणकाच्या बाबतीतही हेच होत आहे आणि पुढेही होणार, हे मुलांनी पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवावे.

दुरुस्ती म्हणजे हलके काम, ही आपल्यातील एक जुनी भ्रांती आहे. तिच्या निरसनार्थ थोडा इतिहास सांगतो. आय.बी.एम. ही अमेरिकन कंपनी १९७८ मध्ये भारतातून निघून गेली. तिचे संगणक मात्र येथील कचेऱ्यांत व कारखान्यांत तसेच राहिले. ते चालू कोणी ठेवावयाचे? त्यासाठी सरकारने कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन ही कंपनी १९७५ मध्येच स्थापिली होती. नावातच देखभाल हा शब्द होता. दुसऱ्याने घडविलेली यंत्रे तिने सांभाळली, पुढे सी.एम.सी. या नावाने ती मोठमोठ्या संगणक-योजना करू लागली आणि २०१५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसमध्ये विलीन झाली. दुरुस्ती ही विद्येची पहिली पायरी होऊ शकते, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

आता कोणी म्हणेल, गुरुजी, आजकाल वस्तू बिघडली की लोक नवी घेतात. शिवाय नव्या पातळ लॅपटॉपांत स्मृतिपट्टीसुद्धा झाळून बसविलेली असते, मग दुरुस्त काय करावयाचे? शंका रास्त आहे. परंतु तालुक्याच्या पेठेत एक फेरी मारावी. शाळा, ग्रामपंचायती, पतपेढ्या, करसल्लागारांच्या कचेऱ्या, औषधांची दुकाने, छायाचित्रकार, आपले सरकार सेवा केंद्रे, या सर्वांकडे पाच-दहा वर्षांची यंत्रे आहेत. त्यांना छापयंत्रे जोडलेली आहेत, कॅमेरे आहेत, जाळ्याच्या तारा आहेत, आणि यांपैकी एक जरी अडले तरी त्या दिवसाचे काम अडते. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला, आणि विंडोज ११ जुन्या यंत्रांपैकी अनेकांवर रीतसर चालत नाही. कोणते यंत्र वाढवावे, कोणत्यावर लिनक्स घालावे आणि कोणते बदलावे, हे प्रामाणिकपणे सांगणारा माणूस आज गावोगाव हवा आहे. ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली व त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यासाठी संकेतस्थळ उघडले. यावरून वारा कोणत्या दिशेने वाहू लागला आहे ते कळते.

आरंभ कसा करावा? सर्वांत आधी शिकावे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून संगणकाचे हार्डवेअर व जाळे यांच्या देखभालीचा अभ्यासक्रम आहे, तो करावा. त्यानंतर निदान एक वर्ष दुसऱ्याच्या दुकानी उमेदवारी करावी. पगार किती, हा प्रश्न त्या वर्षी मनात आणू नये. आपल्या आजोबांनीही भाता ओढण्यापासूनच आरंभ केला होता. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याची तपकीर गल्ली येथे जाऊन कोणता सुटा भाग कोठे, कोणत्या भावाने व कोणत्या हमीवर मिळतो, ते वहीत टिपून घ्यावे.

हत्यारांस फार पैसा लागत नाही. चांगल्या पोलादाचा स्क्रू-ड्रायव्हरांचा संच, मल्टिमीटर, सोल्डरिंग आयर्न, धूळ उडविणारा ब्लोअर, अंगातील स्थितिक वीज जमिनीत उतरविणारा मनगटी पट्टा, हार्डडिस्क बाहेरून जोडण्याची तार, माहिती उतरवून ठेवण्यास एक मोठी डिस्क, आणि पडताळ्यासाठी एक वीजपेटी, एक रॅम व एक जुना पडदा. आजच्या भावाने हे सर्व पंचवीस हजार रुपयांच्या आतबाहेर बसते. मुद्रा योजनेच्या शिशु वर्गात पन्नास हजार रुपयांपर्यंत कर्ज मिळते. उद्यम नोंदणीस शुल्क नाही. एकदोन माणसांच्या दुकानास दुकाने व आस्थापना कायद्याखाली केवळ सूचना द्यावी लागते. सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल वीस लाखांपर्यंत असेल, तर सामान्यतः वस्तू व सेवा कराची नोंदणीही लागत नाही. तात्पर्य, पैशाचे भांडवल ही या धंद्यातील अडचण नव्हे. खरे भांडवल दोन प्रकारचे आहे, आणि ते दोन्ही बँकेत मिळत नाहीत. एक निदान व दुसरे विश्वास.

निदान म्हणजे काय, ते वैद्यास विचारावे. यंत्र सुरू होत नाही म्हणताच जो त्याचे पोट फाडावयास बसतो तो कारागीर नव्हे. आधी भिंतीतील वीज पाहावी, मग तार, मग वीजपेटीतून १२, ५ व ३.३ व्होल्ट नीट येतात की नाही ते मल्टिमीटरने पाहावे. मग रॅम काढून तिच्या सोनेरी दातांवरून खोडरबर हलके फिरवावे व ती पुन्हा घट्ट बसवावी; कित्येक यंत्रे एवढ्यानेच बोलू लागतात. रोज सकाळी तारीख-वेळ चुकत असेल, तर नाण्याएवढी ३ व्होल्टची बॅटरी संपली आहे. यंत्र अर्ध्या तासाने आपोआप बंद पडत असेल, तर पंख्यात धूळ साठली आहे किंवा प्रोसेसरवरील उष्णतावाहक लेप वाळला आहे. हार्डडिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर ती पुन्हापुन्हा चालू करू नये. आतील माहिती वाचविण्याची संधी प्रत्येक खेपेस कमी होते. सोप्यापासून कठिणाकडे आणि स्वस्तापासून महागाकडे जावे, हीच निदानाची रीत. आम्ही वर्गात गणित शिकविले तेही याच रीतीने.

यासोबत जिवाची काळजी घ्यावी. वीजपेटी उघडू नये, कारण तार काढल्यावरही तिच्यात धोकादायक वीज साठून राहते. फुगलेली लॅपटॉपची बॅटरी दाबू वा टोचू नये. शिशाच्या झाळेचे काम खिडकीपाशी करावे आणि हात धुतल्याखेरीज डब्याला हात लावू नये. मोडके भाग जाळू नयेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांनुसार ते नोंदणीकृत संस्थेकडे द्यावेत.

दुसरे भांडवल विश्वास. कल्हईस दिलेले भांडे रिकामे असे. दुरुस्तीस दिलेला संगणक भरलेला असतो. त्यात घरातील छायाचित्रे असतात, हिशेब असतात, पत्रे असतात. आमचा तो विद्यार्थी गिऱ्हाइकास पहिला प्रश्न यंत्राविषयी विचारीतच नाही. तो विचारतो, “यात तुमचे असे काय आहे, की जे दुसरीकडे कोठेही नाही?” या प्रश्नामागे एक घटना आहे. एका शाळेच्या लिपिकाने यंत्र दुसऱ्या एका दुकानी दिले असता, त्यांनी न विचारता डिस्क कोरी करून नवी प्रणाली घातली. यंत्र वेगाने चालू लागले, परंतु दहा वर्षांची टिपणे गेली. लिपिक ते यंत्र घेऊन आमच्या विद्यार्थ्याकडे आला, तेव्हा डिस्कवर बरेच नवे लिहिले गेले होते. हाती आले ते तुटक तुकडे. तेव्हापासून आधी माहितीची प्रत, मग दुरुस्ती, असा नियम त्याने भिंतीवर लिहून लावला आहे.

मराठी गिऱ्हाइकाच्या बाबतीत आणखी एक दक्षता हवी. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या टंकांत लिहिलेले कागद नव्या प्रणालीवर उघडले आणि तो टंक तेथे नसला, तर मराठीच्या जागी निरर्थक अक्षरे दिसतात. गिऱ्हाइकास वाटते, आपले लिखाण नष्ट झाले. म्हणून प्रणाली बदलण्यापूर्वी यंत्रात कोणते टंक आहेत त्यांची यादी करावी व मालकाजवळचे टंक पुन्हा बसवून द्यावेत. आपल्या मंडळाच्या जुन्या सभासद-याद्यांनाही हीच गोष्ट लागू आहे.

गिऱ्हाइकाच्या यंत्रातील काहीही कामावाचून उघडू नये. मालकाच्या परवानगीवाचून माहितीची नक्कल करणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० च्या कलम ४३ चा भंग आहे. तेच अप्रामाणिक हेतूने केल्यास कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कारावास, किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतात. पण कायदा दूर राहो. एका स्त्रीचे छायाचित्र ज्या दुकानातून बाहेर गेले, त्या दुकानाची पायरी गाव पुन्हा चढत नाही. बदललेला जुना भाग गिऱ्हाइकास दाखवावा व हवा असल्यास परत द्यावा. खर्चाचा अंदाज आधी लेखी द्यावा आणि तो वाढणार असेल, तर विचारल्यावाचून काम पुढे नेऊ नये.

आता थोडे अंकगणित. समजा, दुकानाचे भाडे दरमहा पाच हजार, वीज, दूरध्वनी व येणेजाणे मिळून दोन हजार, आणि घरखर्चास पंधरा हजार लागतात. एकूण बावीस हजार झाले. महिन्याचे कामाचे दिवस पंचवीस धरले, तर सुट्या भागांची किंमत सोडून रोज ८८० रुपये मजुरी सुटली पाहिजे. एका कामाची मजुरी सरासरी चारशे धरली, तर दोन कामांनी भागत नाही, तीन लागतात. तीन कामे झाली तर बाराशे मिळतात, रोज ३२० शिल्लक राहतात आणि महिन्याचे आठ हजार होतात. या आठ हजारांतूनच कर्जाचा हप्ता, नवी हत्यारे आणि पावसाळ्यातील मंदीची तरतूद व्हावयाची असते. म्हणून दुकानाचा गल्ला व घराचा डबा निराळा ठेवावा, रोजकीर्द रोजच्या रोज लिहावी, आणि पावतीवाचून यंत्र घेऊ नये व देऊ नये.

हे गणित आम्ही मुलांसाठी सांगितले खरे, पण त्याचा दुसरा भाग आपणां वडीलधाऱ्यांसाठी आहे. वरील तीन कामांपैकी रोज एक काम फुकट करावे लागले तर काय होते? मिळकत आठशे, खर्च ८८०. रोजची तूट ८०, महिन्याची दोन हजार. म्हणजे रोजच्या एका फुकट कामाने आठ हजारांची शिल्लक जाऊन दोन हजारांचे कर्ज होते. आणि बंधूंनो, हे फुकट काम कोण मागते? परका मागत नाही. तो भाव करतो, पण पैसे मोजतो. “अरे, तू तर घरचाच, तुला काय पैसे द्यावयाचे?” असे म्हणणारे आपणच असतो. कोणी मामा, कोणी मावसा, कोणी मंडळाचा पदाधिकारी. मुलगा भिडेपोटी बोलत नाही, त्याची आई बोलू देत नाही, आणि वर्षभरात दुकानास कुलूप लागते. मग आपणच म्हणतो, आपल्या मुलांना धंदा जमत नाही!

ज्ञातिप्रेमाची खरी कसोटी येथे आहे. आपल्या मुलाच्या दुकानी जावे, यंत्र द्यावे, आणि ज्या दिवशी ते मिळेल त्याच दिवशी पूर्ण पैसे द्यावेत. काम वाईट झाले तर स्पष्ट सांगावे. त्यानेही ज्ञातीच्या गिऱ्हाइकांवर विसंबून राहू नये. दुकानाची पायरी सर्व गावासाठी असते, आणि परक्या गिऱ्हाइकाने केलेली शिफारसच दुकान वाढविते.

दुसरी गोष्ट विवाहसंबंधांची. वधूवर मेळाव्यात स्थळ सांगताना ‘मुलगा दुरुस्तीचे दुकान चालवितो’ असे म्हटले की वधूपित्याची मान वळते, आणि कंपनीत तात्पुरत्या कंत्राटावर असलेल्या मुलाकडे ती झुकते. ठोकणी व भाता यांवर ज्यांची घरे उभी राहिली, त्यांनी हातात हत्यार धरणाऱ्या जावयास कमी लेखावे, हे शोभत नाही. मुलाची रोजकीर्द पाहावी, त्याचा व्यवहार गावात विचारावा आणि मग निर्णय करावा. मुलींनीही हा धंदा करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. नाजूक जोडकामास स्थिर हात व सावध चित्त लागते, आणि आपले खाजगी यंत्र स्त्रीच्याच हाती द्यावे असे वाटणाऱ्या भगिनी पुष्कळ आहेत.

शेवटी मंडळास एक विनंती. आपला साहाय्यक निधी गुणवंतांस शिष्यवृत्ती देतो, ती अवश्य द्यावी. परंतु त्यातील काही रक्कम वेगळी काढून, एक वर्ष उमेदवारी पूर्ण केलेल्या दोन मुलांस अथवा मुलींस दरसाल हत्यारांचा संच बिनव्याजी उसना द्यावा. रोख रक्कम देऊ नये, संच द्यावा. त्याची किंमत छत्तीस मासिक हप्त्यांत परत घ्यावी. पंचवीस हजारांचा हप्ता सातशे रुपयांच्या आसपास येतो. परत आलेल्या पैशांतून पुढील मुलास संच मिळेल. हे दान नव्हे. एका हातातून दुसऱ्या हातात जाणारे भांडवल आहे.

हा धंदाही कायमचा राहील, असे आम्ही म्हणत नाही. भांडे बदलले तसा उद्या संगणकही बदलेल. परंतु दोष शोधण्याची सवय, स्वच्छ हिशेब आणि दुसऱ्याची वस्तू जपून परत करण्याचे वळण ज्याच्या अंगी बाणले, तो उद्याच्या यंत्रापुढेही रिकाम्या हाती उभा राहणार नाही. आमच्या विनंतीचा प्रस्ताव आजच्या सर्वसाधारण सभेपुढे यावा आणि आपण तो संमत करावा, एवढे मागून आम्ही आमचे भाषण संपवितो.